तलवार, चेटूक आणि एका रात्रीची गोष्ट

चोरांचं शहर, रात्रीची वेळ. एका उंच, चकाकत्या मनोऱ्याभोवतीच्या बागेत एक दांडगा, पोरगेलासा माणूस भिंतीवरून उतरतो. कमरेला लंगोट, पायात वादीच्या चपला आणि सोबत तलवार, एवढाच त्याचा संसार. मनोऱ्यात एका मांत्रिकाचं रत्न आहे अशी बोलवा असते. ते चोरायचं त्यानं काही तासांपूर्वी दारूच्या गुत्त्यात ठरवलेलं असतं, कारण तिथला एक टग्या त्याच्या अडाणीपणाला हसला होता. यापलीकडे त्याला काही कारण नाही. राज्य धोक्यात नाही आणि कुणाची भविष्यवाणीही नाही.

आत गेल्यावर रत्नाआधी त्याला एक कैदी सापडतो. धड माणसाचं, डोकं हत्तीचं, कातडी हिरवी. आधी ती मूर्तीच वाटते. मग सोंड हलते आणि आपला चोर भीतीनं जागच्या जागी थिजतो. तो प्राणी आंधळा असतो. सोंड चाचपडत पुढे येते आणि चोराच्या चेहऱ्यावरून, खांद्यावरून फिरते, अगदी हलक्या हातानं. तेवढ्यात चोराला त्या देहावरच्या खुणा दिसतात. हातपाय यातना देऊन निकामी केलेले असतात. हा रानटी पोरगा, ज्यानं जन्मात कुणाची गय केली नसेल, एकदम शरमतो. सगळ्या मनुष्यजातीचं पाप आपल्याच डोक्यावर आल्यासारखं त्याला वाटतं.

मराठी वाचकाला इथे गणपती आठवणारच. गोष्टीत मात्र हा जीव दुसऱ्या ग्रहावरून पंखांनी उडत आलेल्या जमातीतला शेवटचा उरलेला आहे. मांत्रिकानं त्याच्याकडून विद्या काढून घेतली आणि वर त्यालाच कोंडून ठेवलं. पुढे काय होतं ते सांगत नाही, मूळ गोष्ट तासाभरात वाचून होते. 'द टॉवर ऑफ द एलिफंट' हे तिचं नाव, मार्च १९३३च्या 'वियर्ड टेल्स' या अमेरिकी मासिकात ती छापून आली. लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड आणि चोराचं नाव कॉनन.

या गोष्टीला आता नव्वद वर्षं उलटून गेली. तिच्या आगेमागे त्या मासिकांत शेकड्यांनी गोष्टी छापल्या गेल्या आणि बहुतेक सगळ्या विसरल्या गेल्या. कॉनन का टिकला? आणि त्याच्याबरोबर हा आख्खा प्रकार, ज्याला इंग्रजीत 'सोर्ड अँड सॉर्सरी' म्हणतात, तो का टिकला? 'दणकट माणूस, उघड्या अंगाच्या बायका, मारामारी' असं म्हणून अनेक जण हा विषय झटकतात. मारामारी तर विसरल्या गेलेल्या गोष्टींतही भरपूर होती. मला वाटतं, या गोष्टी टिकल्या त्या त्यांच्यातला डाव छोटा असतो म्हणून.

हा प्रकार म्हणजे नेमकं काय

आज 'फँटसी' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनची परंपरा येते. पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा, कुठला तरी काळा सम्राट, निवडलेला नायक, हजार पानांचा प्रवास आणि शेवटी जगाचं भवितव्य ठरवणारं युद्ध. त्याला महाकाव्यात्मक फँटसी म्हणू. तलवार-चेटकाची गोष्ट त्याच घरातली, पण वेगळी चूल मांडलेली. हिच्यात जग वाचवायचं नसतं, स्वतःचं कातडं वाचवायचं असतं. नायक हा चोर असतो, भाडोत्री सैनिक असतो, कधी समुद्री चाचा असतो. खिशात दमडी नसते, म्हणून तो काम घेतो. काम एका रात्रीचं किंवा फार तर आठवड्याचं. मध्ये काही तरी अमानवी, जुनाट, ओंगळ आडवं येतं. तो त्यातून जीव घेऊन निसटतो आणि पुढच्या गोष्टीत पुन्हा कफल्लक असतो.

हे नाव पडलं १९६१ साली. मायकेल मूरकॉक या तरुण ब्रिटिश लेखकानं, हॉवर्ड लिहायचा त्या गोष्टींना काय म्हणावं, असा प्रश्न चाहत्यांच्या एका पत्रिकेत विचारला होता. उत्तर दिलं फ्रिट्झ लायबर या अमेरिकी लेखकानं. तोवर हा प्रकार तीस वर्षं बिननावाचाच चालला होता.

तो जन्मला कसा, हे मात्र निवांत पाहण्यासारखं आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर छापली जाणारी पल्प मासिकं तेव्हा अमेरिकेत जोरात होती. गुन्हेगारीचं वेगळं, काउबॉयचं वेगळं, समुद्रसफरींचं वेगळं, अशी त्यांची दुकानं वाटून घेतलेली. 'वियर्ड टेल्स' १९२३मध्ये निघालं ते भुताखेतांच्या आणि विचित्र गोष्टींसाठी. लेखकाला पैसे शब्दावर मिळत, शब्दाला अर्धा ते एक सेंट, आणि तेही बऱ्याचदा गोष्ट छापून आल्यावर.

टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स या आडगावात एका डॉक्टरचा मुलगा या पैशांवर जगायचं ठरवून बसला होता. हॉवर्डचा जन्म १९०६चा. त्याला इतिहासाचं वेड. 'अॅडव्हेंचर' मासिकातल्या हॅरॉल्ड लॅमच्या कोसॅक स्वारांच्या कथा आणि टॅलबट मंडीच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या कथा हे त्याचं खाद्य. पण ऐतिहासिक कथा लिहायची तर अभ्यासाला वेळ हवा, आणि शब्दावर पोट असणाऱ्याला तेवढा वेळ कुठून मिळणार? शिवाय साहसकथांची मोठी मासिकं त्याच्या गोष्टी परत पाठवायची.

त्याची एक गोष्ट होती कल नावाच्या राजाची. रात्री कटवाले राजाच्या शयनगृहात घुसतात आणि राजा कुऱ्हाड घेऊन एकटा झुंजतो. हिच्यात जादू जवळपास नव्हतीच. दोन मासिकांनी ती साभार परत केली. १९३२मध्ये हॉवर्डनं तीच गोष्ट पुन्हा हातात घेतली. राजाचं नाव बदलून कॉनन केलं. गुलामगिरीत अडकलेला एक मांत्रिक घातला, त्याची हरवलेली अंगठी घातली, अंगठीच्या बळावर अंधारातून चालून येणारा एक राक्षस घातला. कधीच मरून गेलेला एक साधू राजाच्या स्वप्नात येऊन त्याच्या तलवारीवर चिन्ह कोरून जातो, हेही घातलं. ऐन झटापटीत तलवार मोडते आणि उरलेल्या थोटकानं राजा राक्षसाला संपवतो. ही गोष्ट डिसेंबर १९३२च्या 'वियर्ड टेल्स'मध्ये आली आणि कॉनन जगापुढे आला.

आता या दोन खर्ड्यांतला फरक पाहा, सगळा प्रकार त्यात उलगडतो. पहिला खर्डा ही ऐतिहासिक साहसकथा आहे. तिच्यात भयकथा शिरली आणि नवंच काही तयार झालं. कटवाल्यांशी लढणारा राजा आपल्याला माहीत असतो. चार-पाच मारेल, जखमी होईल, जिंकेल. पण त्याच दालनात ज्याला तलवारीनं मारता येईल की नाही हेच ठाऊक नाही असं काही शिरलं, की वाचकाच्या पोटात गोळा येतो. हॉवर्डच्या आधी असे प्रयोग कुणी केलेच नव्हते असं नाही. त्याचीच कल राजाची १९२९ची 'द शॅडो किंगडम' अनेक अभ्यासक या प्रकाराची पहिली गोष्ट मानतात. पण साचा पक्का झाला तो कॉननमुळे.

जादू पलीकडच्या बाजूला असते

हॅरी पॉटर वाचत वाढलेल्या पिढीला जादू म्हणजे शिकायची गोष्ट वाटते. शाळा असते, पुस्तकं असतात, परीक्षा असतात. खेळांमध्ये तर जादू म्हणजे एक बटण. या जुन्या गोष्टींत तसं नसतं. जादू ही घाण आहे, ती ज्याच्याकडे असते तो सडत जातो आणि ती नायकाच्या हातात जवळपास कधीच नसते. कॉनन मांत्रिकांना घाबरतो. उघड घाबरतो. अंगावर काटा येणं, पाय उचलत नाही असं वाटणं, हे सगळं त्याला होतं. वाघाला न डरणारा माणूस बंद दारामागच्या मंत्रोच्चारानं गारठतो.

याची एक सामाजिक बाजूही आहे, हे माझं वाचन आहे. १९३२ म्हणजे अमेरिकेत महामंदीचा काळ, बँका बुडालेल्या. हॉवर्डच्या गावानं त्याआधी तेलाची भरती-ओहोटी पाहिली होती. विहिरी लागल्या तसे दलाल, जुगारी, गुंड आले आणि तेल आटलं तसे निघून गेले. त्या भागात पाहिलेले मुष्टियोद्धे, बंदूकबाज, चोरटी दारू विकणारे, तेलपट्ट्यातले दादा, जुगारी हे सगळे एकत्र होऊन कॉनन झाला, असं हॉवर्डनंच पत्रांत लिहून ठेवलंय. अशा जगातल्या वाचकासमोर कोण उभा राहतो? एका उंच इमारतीत बसलेला, कुणालाही न दिसणारा, दुसऱ्याची विद्या आणि रक्त शोषून गबर झालेला माणूस. आणि त्याच्या मनोऱ्यावर उघड्या हातांनी चढणारा एक भणंग. मांत्रिक म्हणजे थेट बँकवालाच, असं मला म्हणायचं नाही. रूपकं लिहिणं हा हॉवर्डचा पिंड नव्हता. पण वाचणाऱ्याच्या मनात ते आपोआप होत असणार.

नोकरी, पगार, साहेब, हप्ता यांपैकी काहीच कॉननला बांधत नाही. तो राजा होतो तेव्हासुद्धा सिंहासन त्याला टोचत राहतं. सुसंस्कृत माणसं ढोंगी असतात आणि रानटी माणूस निदान सरळ असतो, हा हॉवर्डचा लाडका सिद्धान्त. यावरून एच. पी. लव्हक्राफ्ट या भयकथाकाराशी त्याचा पत्रांमधून वर्षानुवर्षं वाद चालला. लव्हक्राफ्ट संस्कृतीच्या बाजूनं, हॉवर्ड रानटीपणाच्या. माझ्यापुरतं विचाराल तर वादात लव्हक्राफ्ट बरोबर होता. पण गोष्टी हॉवर्डच्या जास्त जिवंत आहेत.

पैठणचा राजा आणि स्मशानातला वेताळ

हे सगळं टेक्सासहून आलेलं असलं तरी मराठी वाचकाला परकं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागर' रचला. त्यातल्या वेताळाच्या कथांचा राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते कोठाराच्या अधिकाऱ्याकडे देऊन टाकतो. असं दहा वर्षं चालतं. एके दिवशी एक माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. कोठारात पाहावं तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग. राजा भिक्षूला विचारतो, बाबा, तुला हवंय तरी काय? भिक्षू म्हणतो, वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये.

पुढचं आपल्याला तोंडपाठ आहे. झाडाला लटकलेलं प्रेत, खांद्यावर वेताळ, गोष्टी, प्रश्न, बोललं की वेताळ परत झाडावर. शेवट मात्र अनेकांच्या लक्षात नसतो. वेताळ सांगतो, हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण की मी राजा आहे, मला येत नाही, आधी तू करून दाखव. भिक्षू दाखवायला खाली वाकतो आणि राजा तलवारीनं त्याचं मुंडकं उडवतो.

स्मशान, कटवाला मांत्रिक, प्रेतातला पिशाच, अमावास्येच्या आदली रात्र आणि शेवटी तलवारीचा एक घाव. सगळा ऐवज नऊशे वर्षांपूर्वी तयार होता. एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी वेताळपंचविशी मराठीत आणली, आणि पुढे 'चांदोबा'नं विक्रम-वेताळ घराघरांत नेला. खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार आणि पायाखाली कवट्या हे शंकर यांचं चित्र ज्यानं लहानपणी पाहिलंय, त्याला कॉननच्या पुस्तकांची मुखपृष्ठं नवी वाटायची नाहीत.

फरकही तितकाच स्वच्छ आहे. त्रिविक्रमसेन राजा आहे आणि शब्दाला जागतो म्हणून स्मशानात जातो. शेवटी त्याला थेट विद्याधरांचं राज्य मिळणार असतं. कॉननला कुणी शब्द मागत नाही आणि राज्य मिळालं तर ते तो गळा दाबून मिळवतो. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा' या उर्दू जादूकथेतले अय्यार मात्र त्याला जवळचे वाटले असते. वेशांतर करणारे, चोऱ्या करणारे, जादूगारांना गुंगवून मारणारे असे ते लोक. तिथेही खरी मजा राजपुत्रांपेक्षा या भामट्यांची आहे.

हॉवर्ड हिंदुस्थानात कधीच आला नाही, टेक्सासबाहेरही फारसा गेला नाही. तरी १९३४मध्ये त्यानं एक दीर्घकथा लिहिली, 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल'. तिच्यातला देश वेंध्य, राजधानी अयोध्या, पर्वत हिमेलियन, सरहद्दीवरचं शहर पेशखौरी. राजाचं नाव भुंदा चंद आणि बहीण यास्मिना देवी. एका नावात फारसी आणि संस्कृत अशी सरमिसळ पाहून हसू येतं. पण सुरुवातीचा प्रसंग हसण्यासारखा नाही. राजा मरायला टेकलाय. दूरच्या डोंगरावरचे मांत्रिक त्याचा आत्मा खेचून नेताहेत. देह सोडून आत्मा त्यांच्या तावडीत गेला तर मरणाहून वाईट, हे त्याला कळतं आणि तो बहिणीला सांगतो, मला आत्ताच मार. आणि यास्मिना मारते. पहिल्या काही पानांतच एवढं घडतं. तिथून पुढे ती सूडाला निघते आणि कॉनन खिडकीतून आत येतो.

ही भौगोलिक खिचडी आळसातून आली होती असं नाही, ती युक्ती होती. हॉवर्डनं इतिहासाच्या आधीचं, नंतर बुडून गेलेलं एक युग कल्पिलं, हायबोरियन युग. त्यात इजिप्तसारखा देश स्टिजिया, हिंदुस्थानसारखा वेंध्य. नाव वाचलं की वाचकाला अर्धं कळतं, वर्णनाची दहा पानं वाचतात आणि इतिहासाचा प्राध्यापक चूक काढू शकत नाही. शब्दावर पोट असलेल्या माणसाची ही काटकसर आहे, आणि तीच त्याची ताकद ठरली.

सुटी गोष्ट

काटकसर क्रमातही आहे. कॉनन पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो प्रौढ राजा असतो. मग चोर पोरगा, मग चाचा, मग टोळीप्रमुख, कसाही. भटका माणूस आपल्या आठवणी काही जन्मापासून सांगत नाही, आठवेल ती आधी, असं यावर हॉवर्डचं म्हणणं. कॉननच्या पूर्ण झालेल्या गोष्टी २१. त्यातली कुठलीही आधी वाचा. सात खंडांच्या मालिकेचा पाचवा खंड कधी येणार म्हणून वर्षानुवर्षं ताटकळलेल्या वाचकाला याचं मोल विचारा.

छोट्या डावाचा फायदा इथेच आहे. जगाचा नाश होणार असेल तर वाचकाला मनातून खात्री असते की होणार नाही. एवढी पानं लिहून कोण जगाचा नाश करतो? पण एका चोराचा हात कापला जाईल का, त्याचा मित्र वाचेल का, हे खरोखर काहीही होऊ शकतं.

मित्र वाचेल का, हा प्रश्न फ्रिट्झ लायबरच्या गोष्टींचा. १९३९मध्ये त्यानं एक जोडी आणली. फाफर्ड हा उत्तरेकडचा धिप्पाड, भावुक गडी आणि ग्रे माउझर हा बुटका, चलाख, स्वतःवर खूश असलेला शहरी भामटा. ही जोडी त्यानं स्वतःवरून आणि हॅरी फिशर या मित्रावरून बेतली होती. त्यांचं शहर लंकमार. धुकं, गल्ल्या आणि चोरांचा रीतसर संघ असलेलं. कॉननच्या गोष्टींत हॉवर्ड विनोदाच्या फंदात फारसा पडत नाही, लायबरला विनोदाशिवाय राहवत नाही.

त्याची १९६३ची 'बझार ऑफ द बिझार' ही माझी आवडती. लंकमारच्या चौकात रातोरात एक झगमगीत दुकान उघडतं. माउझर आत जातो आणि हरखून जातो. अजब पुस्तकं, चमकती रत्नं, पिंजऱ्यांत सुंदर मुली. एकेक वस्तू पाहून त्याचं मन भरत नाही. फाफर्डला मात्र एका मांत्रिकानं डोळ्यांवर बांधायला एक पट्टी दिलेली असते, कोळिष्टकासारखी विटकी. ती बांधून पाहिलं तर दुकानात निव्वळ कचरा, आणि मुलींच्या जागी कोळी. विश्वाविश्वांत फिरून लोकांना भंगार विकणारे व्यापारी हे दुकान चालवत असतात. आता तलवार उपसलेला फाफर्ड एकीकडे त्या व्यापाऱ्यांच्या पहारेकऱ्याशी लढतोय आणि त्याचा जिवलग मित्र खरेदीच्या नादात आहे, मध्ये मध्ये त्यालाच दुकानातला विदूषक समजतोय. ही गोष्ट वाचून झाल्यावर सणासुदीच्या सेलची जाहिरात पाहून बघा.

लायबरच्या आधी, ऑक्टोबर १९३४मध्ये, 'वियर्ड टेल्स'नं सी. एल. मूर यांची 'ब्लॅक गॉड्स किस' छापली. कॅथरीन मूर इंडियानापोलिसच्या एका बँकेत काम करत. लेखनाची कमाई बँकेला कळू नये म्हणून नावाची आद्याक्षरं वापरत. त्यांची जिरेल ऑफ जॉयरी ही सरदारीण हरलेली आहे, तिचा किल्ला शत्रूनं घेतलाय. सूडाचं हत्यार शोधायला ती तळघरातल्या भुयारातून दुसऱ्याच जगात उतरते. हत्यार मिळतं, सूडही होतो, आणि सूड झाल्यावरच तिला कळतं की त्या माणसाबद्दल आपल्या मनात नक्की काय होतं. हॉवर्डला असली गोष्ट जमली नसती.

मग १९६१मध्ये मूरकॉकनं सगळं उलटं केलं. त्याचा एलरिक हा फिकट, आजारी, औषधांवर जगणारा सम्राट. तो स्वतःच मांत्रिक. त्याची काळी तलवार स्टॉर्मब्रिंगर मारलेल्या माणसाचे आत्मे पिते आणि ते बळ त्याला देते. तिला परके आणि आपले यांत फरक कळत नाही. तलवार आणि चेटूक आमनेसामने असायचे, इथे ते एकच झाले आणि माणूस दोघांच्या मध्ये सापडला.

जे खटकतं तेही

हे सगळं कौतुक करताना एक गोष्ट पोटात घालता येत नाही. हॉवर्डच्या गोष्टींत वंशभेद आहे, आणि तो काळाचा परिणाम म्हणून बाजूला ठेवता येईल इतका किरकोळ नाही. काळ्या माणसांची वर्णनं आज वाचवत नाहीत. बायका बऱ्याचदा संगमरवरी खांबाला बांधलेल्या. मासिकाची मुखपृष्ठं मार्गारेट ब्रंडेज काढायच्या, खडूच्या रंगांत, अर्धनग्न नायिकांची. मुखपृष्ठ आपल्या गोष्टीला मिळावं म्हणून लेखक तसे प्रसंग मुद्दाम घालत, यात हॉवर्डही होता. या प्रकाराला सगळ्यात चोख उत्तर दिलं चार्ल्स सॉन्डर्स या कृष्णवर्णीय लेखकानं. त्यानं टीकाही लिहिली, पण तेवढ्यावर न थांबता १९८१मध्ये 'इमारो' ही कादंबरी आणली. न्युम्बानी या कल्पित आफ्रिकेत भटकणारा योद्धा, तेच चेटूक, तीच तलवार, पण माती आपली. ज्या गोष्टींनी आपल्याला हाकललं त्याच गोष्टी स्वतःसाठी बांधून घेणं, हे मला नुसत्या बहिष्कारापेक्षा मोठं वाटतं.

हॉवर्ड स्वतः फार जगला नाही. १९३५मध्ये 'वियर्ड टेल्स'कडे त्याचे आठशेहून जास्त डॉलर थकले होते, आई क्षयानं खंगत होती आणि औषधपाण्याला पैसे हवे होते. त्यानं संपादकाला काकुळतीनं पत्र लिहिलं. ११ जून १९३६ला, आई आता शुद्धीवर येणार नाही असं कळल्यावर, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ३०. त्याचं क्रॉस प्लेन्समधलं घर आज संग्रहालय आहे आणि दर जूनमध्ये तिथे वाचक जमतात.

नंतरचा प्रवास

गोष्टी मासिकांच्या पिवळ्या कागदात मरून जायच्या, पण १९६६पासून त्या कागदी बांधणीच्या स्वस्त पुस्तकांतून आल्या. मुखपृष्ठांवर फ्रँक फ्रॅझेटाची चित्रं होती. धुरकट, घामट, प्रेतांच्या ढिगावर उभा कॉनन. पुस्तकं त्या चित्रांमुळे खपली असं म्हटलं तर हॉवर्डच्या चाहत्यांनाही फारसा राग येत नाही. १९७०मध्ये मार्व्हलचं कॉमिक आलं, १९८२मध्ये श्वार्झनेगरचा सिनेमा. सिनेमातला कॉनन अबोल आहे. मूळचा कॉनन भलताच बोलका, अनेक भाषा येणारा आणि वेळप्रसंगी विचारही करणारा, म्हणून सिनेमा पाहून गोष्टींबद्दल मत बनवू नये. त्या सिनेमाच्या नकलांचा मग पूर आला आणि हा प्रकार काही वर्षं पार हास्यास्पद झाला.

पण तोवर तो दुसऱ्याच दारानं आत शिरला होता. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ काढला. गायगॅक्सनं १९७९च्या मार्गदर्शक पुस्तकाला प्रेरणास्थानांची यादी जोडली, तिच्यात हॉवर्ड, लायबर, जॅक व्हान्स ठळक आहेत. खेळातला चोर लायबरच्या गल्ल्यांतून आला. सुरुवातीच्या नियमांत खेळाडूचा अनुभव मुख्यतः मोजला जायचा तो त्यानं भुयारातून किती सोनं जिवंत बाहेर आणलं यावर, राक्षस मारण्याला गुण त्यामानानं कमी. म्हणजे पुन्हा तोच छोटा डाव. आज मोबाइलवर भुयारात शिरून पेटी फोडणारा पोरगा हॉवर्डचं नाव ऐकलेलं नसताना त्याचीच गोष्ट खेळत असतो. पोलंडच्या आंजेय सापकोव्हस्कीचा विचर, १९८६च्या एका लघुकथेत जन्मलेला, राक्षस मारायचे पैसे आधी ठरवून घेणारा, तोही याच रक्ताचा. त्याच्या पुढच्या कादंबऱ्यांपेक्षा सुरुवातीच्या सुट्या गोष्टीच अनेकांना का आवडतात, ते आता वेगळं सांगायला नको.

कुठून सुरुवात करावी, असं कुणी विचारलं तर मी 'टॉवर ऑफ द एलिफंट' सांगतो, मग 'बझार ऑफ द बिझार', मग जिरेल. हॉवर्डच्या बऱ्याच गोष्टी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. इंग्रजी थोडं जुन्या वळणाचं आहे, विशेषणं जरा जास्तच सढळ, पण पहिली दोन पानं रेटली की ती लय अंगवळणी पडते. एका बैठकीत एकच गोष्ट वाचा. सलग पाच वाचल्या तर सगळे मनोरे आणि सगळे मांत्रिक एकमेकांत मिसळतात, कारण त्या महिन्याला एक अशा बेतानंच लिहिलेल्या आहेत.